देवराईतला अंधार फोटोत कसा आणायचा?

घाटवाट | १८ मे, रात्री १०:४०

मुळशीकडच्या एका देवराईत परवा तिसऱ्यांदा जाऊन आलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डांबरी संपते तिथून पाऊण तासाचा चढ, मग करवंदीच्या जाळ्या, आणि मग कुणी दार लोटून घ्यावं तशी एकदम राई सुरू होते. बाहेर मे महिन्याचं ऊन रटरटतंय आणि आत पाऊल टाकलं की मानेवर गारवा. पन्नासेक पावलांवर जोत्याचे चार दगड, त्यावर शेंदूर फासलेला तांदळा (देवीचा न घडवलेला दगड), बाजूला झिजलेला वीरगळ, मागच्या अंजनाच्या फांदीला टांगलेल्या चार-पाच पितळी घंटा. वर छप्पर नाही. या देवीला छप्पर सोसत नाही अशी गावाची समजूत आहे.

कॅमेरा साधाच. क्रॉप सेन्सर, १८-५५ ची किट लेन्स, ट्रायपॉड. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ/८, आयएसओ १००. शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेऱ्याने ठरवलं, १ सेकंद. प्रचि (प्रकाशचित्र) १ तो. तांदळा लख्ख, पाठीमागचं खोड लख्ख, पाचोळ्यातलं पान न पान मोजून घ्या. पानांतून दिसणारं आभाळ मात्र पांढरे ठिगळ लावल्यासारखं, आणि वीरगळावर पडलेला कवडसा पार जळालेला.

गुरवबाबा शेजारीच उभे होते. त्यांना मागच्या स्क्रीनवर दाखवला. बराच वेळ बघितला त्यांनी. मग म्हणाले, "आई दिसती. पर राई कुठाय?"

तेव्हापासून हेच डोक्यात. मग २ स्टॉप कमी करून, म्हणजे उजेड दोनदा अर्धा करून बघितला, प्रचि २. आता तांदळा नारिंगी फुग्यासारखा अधांतरी तरंगतोय आणि बाकी सगळा डांबर. मोबाईलने काढला तो प्रचि ३, त्यात तर राई नर्सरीसारखी दिसतेय.

डोळ्यांना तिथे अंधारही दिसतो आणि अंधारातलं सगळंही दिसतं. ते कसं आणायचं? जाणकारांनी सांगावं.

अर्धाकप | १८ मे, रात्री १०:५८

प्रचि दिसत नाहीयेत. शेअरिंगची परवानगी तपासा.

घाटवाट | १८ मे, रात्री ११:१०

केली दुरुस्त. आता दिसायला हवेत.

अर्धाकप | १८ मे, रात्री ११:१४

दिसले. मला प्रचि १ आवडला ब्वा. स्वच्छ आहे. गुरवबाबा उगाच कशाला नावं ठेवतायत?

जुनाफिल्मवाला | १९ मे, सकाळी ६:३५

गुरवबाबांनी ठेवलेलं नाव अगदी नेमकं आहे. असा समीक्षक मला तरुणपणी भेटला असता तर निम्मे रोल वाचले असते.

घाटवाट, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॅमेऱ्याचा मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही. त्याला फक्त उजेड किती येतोय ते कळतं आणि जे येईल ते मधल्या करड्या रंगावर नेऊन बसवायचं एवढंच त्याला शिकवलेलं असतं. साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा करडा. कोळशाचा ढीग दाखवा, तो करडा करेल. शुभ्र धोतर वाळत घातलेलं दाखवा, तेही करडं करेल. आताचे कॅमेरे त्यापेक्षा हुशार झालेत, चेहरे-बिहरे ओळखतात, पण देवराई ओळखणारा कॅमेरा अजून निघायचाय. तुमच्या चौकटीत ऐंशी टक्के काळोख होता. त्याने इमानेइतबारे तो काळोख करडा करून दिला. प्रचि १ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, कोळशाचा करडा ढीग आहे.

उलटंही होतं. चौकटीत वरचं आभाळ जास्त आलं की मीटर दचकतो आणि खालचं सगळं बुडवतो. म्हणून एकाच जागेवरून, एकाच मिनिटात, कॅमेरा दोन बोटं वर केला तर वेगळा फोटो आणि खाली केला तर वेगळा.

आता हिशेब. एफ/८ आणि आयएसओ १०० ला तुमच्या राईच्या सावलीला १ सेकंद लागला. त्याच सेटिंगला बाहेरच्या भर उन्हाला साधारण १/५०० लागतं. १ सेकंदापासून १/५०० पर्यंत अर्धं-अर्धं करत या. ९ वेळा अर्धं होईल, म्हणजे ९ स्टॉप. कवडसा म्हणजे बाहेरचं ऊनच, फक्त भोकातून आलेलं. म्हणजे वीरगळावर एका ठिकाणी ९ स्टॉप जास्त उजेड, आणि तांदळ्याच्या बुडाशी सरासरीपेक्षाही आणखी ३-४ स्टॉप अंधार. बेरीज १२ च्या वर गेली. चांगला सेन्सर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने काटछाट न केलेल्या) १२ ते १४ स्टॉप धरतो म्हणतात, ते कागदावर. स्लाइड फिल्म जेमतेम ५ धरायची, म्हणून आम्ही दुपारी असल्या जागी डबा खाऊन झोपायचो.

पहिला प्रश्न: तुम्ही रॉ काढलात की जेपेग?

घाटवाट | १९ मे, सकाळी ९:०२

जेपेग. (तोंड लपवतोय.)

जुनाफिल्मवाला | १९ मे, सकाळी ९:२०

मग प्रचि २ चा डांबर तिथेच झाला. जेपेग बनवताना कॅमेरा सावल्यांमधला तपशील फेकून देतो. रॉमध्ये तो असतो, नुसता खाली दबलेला असतो.

पुढच्या वेळी स्पॉट मीटर लावा आणि एकेक जागा वेगळी मोजा. तांदळ्याचा बुडखा, शेंदूर, वीरगळ, पानं, आभाळ. आकडे कागदावर लिहा. मग आकडा निवडायचा तो तुम्ही, कॅमेऱ्याने नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टीम म्हणून जी मांडली त्याचा गाभा एवढाच आहे: काळ्याभोर पण तपशील दिसायला हव्या अशा भागाला मधल्या करड्याच्या २ स्टॉप खाली ठेवा. ते निगेटिव्हसाठी होतं. डिजिटलमध्ये उलट्या टोकाने धरा. जे जळू द्यायचं नाही ते आधी वाचवा, सावल्या नंतर घरी उचलता येतात.

पिक्सेलपाटील | १९ मे, दुपारी १२:४५

एवढं मोजमाप कशाला? ब्रॅकेटिंग लावा, -२, ०, +२, तीन फोटो काढा, सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही जोडून एचडीआर मारा. पाच मिनिटांचं काम.

जुनाफिल्मवाला | १९ मे, दुपारी १:१०

मारा की. आणि मग गुरवबाबांना दाखवा.

पिक्सेलपाटील | १९ मे, दुपारी १:१८

काका, खवचटपणा बाजूला ठेवा. एचडीआर म्हणजे लग्नाच्या अल्बमसारखं भडकच झालं पाहिजे असं कुणी सांगितलं? जोडून झाल्यावर सावल्यांची स्लायडर खाली ओढता येते. मी आहुप्याच्या राईत असाच काढलाय, त्यात अंधार आहे. शेकरू पण आहे, फक्त तिन्ही फोटोंत तीन ठिकाणी आल्यामुळे जोडल्यावर तिला पाच पाय झालेत.

खारूताई | १९ मे, दुपारी १:३१

पाच पायांची शेकरू बघायचीच आहे. टाका इथे.

जुनाफिल्मवाला | १९ मे, दुपारी २:०५

पाटील, मान्य. तंत्राला दोष नाही. पण राईत वारा नसला तरी वरचं पान हलतंच, आणि १-२ सेकंदांच्या तीन फोटोंत ते तीन जागी असतं. जोडलं की कडा दुहेरी दिसतात. दगडाला चालेल, पानाला नाही. घाटवाट, ब्रॅकेटिंग जरूर करा, पण विम्यासारखं. तिन्ही घरी आणा आणि त्यातला एक निवडा.

मोबाईलधारी | १९ मे, संध्या. ७:५०

आमच्यासारख्या गरिबांचं काय? फक्त फोन आहे.

पिक्सेलपाटील | १९ मे, रात्री ८:१५

फोन आतल्या आत पाच-सात फोटो जोडूनच एक देतो, म्हणून घाटवाटांची नर्सरी झाली. उपाय आहे. स्क्रीनवर शेंदरावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग ते सूर्याचं चिन्ह खाली ओढा, जोवर तुम्हाला "फार काळं झालं" असं वाटत नाही. तिथून किंचित वर. नाइट मोड आपोआप चालू होतो तो बंद करा. फोन दगडाला टेकवा आणि टायमर लावा. प्रो मोड असेल तर त्यात रॉही मिळते.

गारंबी | १९ मे, रात्री ९:३०

छान धागा. कॅमेऱ्यातलं कळत नाही, पण रायांमध्ये झाडं मोजत फिरण्यात बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे तिथल्या उजेडाबद्दल बोलते.

देवराईतला उजेड हा रानातल्या उजेडापेक्षा वेगळा का, तर तिथे मजले आहेत. सर्वांत वर आंबा, बेहडा, सातवीण अशांचे शेंडे, त्याखाली जांभूळ, हिरडा, अंजन, त्याखाली झुडपं, आणि या सगळ्यांना शिवत जाणाऱ्या माझ्या नावाच्या वेली. गारंबीची वेल कधी कधी माणसाच्या मांडीएवढी जाड होते आणि शेंग हातभर लांब. प्रत्येक मजला आपल्या वाट्याचा उजेड खातो. पानं लाल आणि निळा जास्त खातात, हिरवा खाली सोडतात. म्हणजे जोत्यापर्यंत पोचलेला उजेड गाळून गाळून आलेला हिरवा असतो. घाटवाट, तुमच्या प्रचि १ मधला वीरगळ मला शेवाळलेला वाटला, पण बघितलं तर शेवाळं नाहीये, उजेडच तसा आहे.

हेही सांगायला हवं की राई शिल्लक का राहिली. इथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून नोंदल्या, तेव्हा आसपासचे डोंगर बोडके आणि मधेच एक हिरवा ठिपका असं चित्र त्यांना ठिकठिकाणी दिसलं. काळोख हा त्या नियमाने राखलेला आहे. तो फोटोतून गेला म्हणजे गुरवबाबांच्या दृष्टीने त्यांनी राखलेलीच गोष्ट गेली.

वेळेबद्दल: मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर, कवडसे थेट खाली, सगळीकडे पांढरे गोल. तुमचा सगळा त्रास तोच आहे. ढगाळ दिवस धरा. पहिल्या एक-दोन पावसांनंतर जा.

अवांतर: कवडसे गोल का असतात माहीत आहे? भोक वेडंवाकडं असलं तरी. कारण तो प्रत्येक गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आमच्या अंगणातल्या आंब्याखाली शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, आज अंगण झाडायचं नाही.

खारूताई | १९ मे, रात्री ९:४४

वाखूसा (वाचनखूण साठवली). शेवटचं वाक्य फारच गोड.

घाटवाट | २० मे, सकाळी ८:१०

गारंबीताई, फिल्मवाले काका, पाटील, तिघांचेही आभार. एक शंका उरली. प्रचि २ मध्ये मी २ स्टॉप कमी केले तरी शेंदूर सपाटच. मूळ दगडावर शेंदराचे थर आहेत, पापुद्रे सुटलेत, एका बाजूला गुरवबाबांच्या बोटांचे ओढ दिसतात. फोटोत त्यातलं काही नाही, नुसता नारिंगी डाग. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तर म्हणतोय काहीच जळालेलं नाही.

क्योतोतलीकाकू | २० मे, सकाळी ८:५२

हा माझा प्रांत! इथे फुशिमी इनारीच्या डोंगरावर तोरी कमानींची रांगच रांग आहे, सगळ्या शेंदरी, आणि वर दाट झाडी. पहिल्या वर्षी माझे सगळे फोटो असेच सपाट आले. वाटलं लेन्स खराब.

हिस्टोग्राम खोटं बोलत नाही, अर्धवट बोलतो. पांढरा एकेरी आलेख असतो त्यात तिन्ही रंगांची सरमिसळ असते आणि त्यात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त. शेंदरात हिरवा थोडा, निळा जवळजवळ नाहीच, सगळा भार लालवर. लाल कधीच वरच्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो आणि सरासरी आलेख मात्र मधोमध निवांत बसलेला. लाल भरला की थर, पापुद्रे, बोटांचे ओढ सगळं एकाच आकड्यावर येतं. तोच तुमचा डाग.

मेनूत लाल-हिरवा-निळा असे वेगळे आलेख दाखवण्याची सोय असते, ती चालू करा आणि फक्त लालकडे बघा. आणखी एक, पिक्चर स्टाइल "व्हिव्हिड" असेल तर "न्यूट्रल" करा, कारण तो आलेख जेपेगवरून काढलेला असतो, रॉ काढत असलात तरी. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) ऑटो ठेवू नका, शेंदूर बघून तो निळा ओतायला लागतो. सरळ डेलाइटवर ठेवा.

तेलामुळे वर जी चकाकी येते ती पोलरायझर फिल्टरने बरीच जाते. ओल्या पानांवरचीही. पण तो दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे शटर आणखी लांबणार.

जुनाफिल्मवाला | २० मे, सकाळी ९:१५

क्योतोकाकूंना साष्टांग. चाळीस वर्षांत हे मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

व्हाइट बॅलन्सवरून आठवलं. वेल्व्हिया फिल्म काही सेकंदांच्या पुढे गेली की हिरवट झुकायची, वर मॅजेंटा फिल्टर लावायला लागायचा. राईतल्या हिरव्यात फिल्मचा हिरवा. एकदा सगळा रोल शेवाळ्याच्या लोणच्यासारखा आला होता. घाटवाट, घरी हिरवा काढताना सगळा काढू नका. ज्या उजेडात तो दगड बसलाय तो हिरवाच आहे, गारंबींनी सांगितलंय ते लक्षात ठेवा.

सत्तरीकर | २० मे, दुपारी ३:४०

गोव्यातून. आमच्या सत्तरीत केरीची आजोबाची राई आहे, बांबरची निरंकाराची राई आहे. निरंकाराच्या राईत जमीनच नाही म्हणा, दलदल. रानजायफळाची जुनी झाडं आणि चिखलातून गुडघे वर काढल्यासारखी मुळं. पलीकडे सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या हेवाळे-बांबर्ड्यालाही तसलीच राई.

तिथे पोलरायझर लावून मी एकदा पस्तावलोय. पाण्यातलं प्रतिबिंबच गेलं, उरला चिखल. प्रतिबिंब आभाळापेक्षा स्टॉप-दोन स्टॉप अंधारं असतं, म्हणजे आभाळ चौकटीत न घेता त्याचा उजेड घ्यायचा असेल तर पाण्यातून घ्यावा. घाटवाट, तुमच्याकडे पाणी नसेल तर दगडी डोण किंवा पाण्याने भरलेला पाचोळ्याचा खळगा बघा.

दुसरं, गाव लिहिलं नाहीत ते फार बरं केलंत. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात, ते काढूनच टाका. आमच्याकडे एक झरा असाच फोटोंमुळे प्रसिद्ध झाला. आता तिथे शनिवारी कचरा वेचायला जावं लागतं.

मालवणी माणूस | २० मे, संध्या. ६:२५

सहमत. आणि फोटो काढण्याआधी विचारावं, ही साधी रीत लोक विसरतात. आमच्या आजीची भाषा: "देवाक गाऱ्हाणा घाल, मगे काय ता कर." आमच्या राहाटीत, म्हणजे देवराईत, चपला बाहेर, फ्लॅश नाही, ड्रोन तर नावच नको. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला आत जायचं नाही. त्यामुळे फोटोग्राफर लोकांचा तो कललेल्या उन्हाचा "गोल्डन अवर" आमच्या देवाने मुळातच रद्द केलेला आहे.

अर्धाकप | २० मे, संध्या. ६:४०

फ्लॅशने काय होतं पण? देव जागा होतो?

मालवणी माणूस | २० मे, संध्या. ६:५२

वटवाघळं होतात. मग तुमचा फोटो आणि तुमचा शर्ट दोन्ही बघण्यासारखे होतात.

दोन पावसाळे | २० मे, रात्री १०:२०

तुमच्या राईत अजून अंधार आहे हेच नशीब. आमच्या मूळ गावी तीन वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. उघड्यावरच्या चौथऱ्याभोवती आरसीसीचा गाभारा, आत बाथरूमसारख्या फरशा, पुढे पत्र्याची शेड. शेडसाठी सहा जुनी झाडं गेली. वीज आणली, गाभाऱ्यात पांढरी ट्यूब, बाहेर पिवळा दिवा, शिखरावर रंग बदलणारी माळ.

फोटोचं विचाराल तर तिथे एक्सपोजर फारच सोपं आहे. ऑटोवर ठेवा, दाबा. व्हाइट बॅलन्स मात्र कुठलाही ठेवला तरी काहीतरी निळं नाहीतर पिवळं येतंच.

माझ्याकडे जुन्या जागेचा एकच फोटो आहे. आजोबांनी क्लिक थर्ड कॅमेऱ्यावर काढलेला, अंडरएक्सपोज. त्यात देवी दिसत नाही, तिच्यापुढच्या पणतीची ज्योत आणि आजीचा अर्धा हात दिसतो.

गारंबी | २० मे, रात्री १०:४१

काय बोलावं.

तो फोटो स्कॅन करून ठेवा मात्र.

रात्रपाळी | २१ मे, रात्री १:०५

काजव्यांचे फोटो याच पद्धतीने निघतात का?

पिक्सेलपाटील | २१ मे, सकाळी ७:३०

नाही, तो वेगळा प्रकार आहे. आयएसओ वाढवून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, १५-२० सेकंदांचे पुष्कळ फोटो काढून एकावर एक चढवतात. वेगळा धागा काढा, लिहितो. तूर्त एकच: काजव्यांवर टॉर्च मारू नका आणि झाडाखाली गवतात फिरू नका, माद्या तिथेच असतात.

घाटवाट | १६ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतो आहे. काल जाऊन आलो.

आदल्या रात्री पाऊस झालेला, सकाळपासून आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. गाडीत एसी लावायचा नाही असं ठरवून गेलो तरी बॅगेतून काढल्याबरोबर लेन्सवर बाष्प धरलं. राईच्या तोंडाशी वीस मिनिटं कॅमेरा नुसता मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा निवळलं. त्या वीस मिनिटांचा फायदा असा झाला की डोळेही तेवढ्यात अंधाराला सरावले. आत गेल्यावर पहिल्यांदाच खोडामागचं खोड, त्यामागचं खोड असं दिसलं. गुरवबाबांना आधी विचारलं. ते म्हणाले, काढा, पण आधी बसा. चहा झाला. मग आत.

काकांनी सांगितलं तसं स्पॉट मीटरने मोजून डायरीत लिहिलं. सगळं एफ/८, आयएसओ १०० ला. तांदळ्याच्या बुडाचा काळा दगड १५ सेकंद. शेंदूर २ सेकंद. पलीकडची ओली पानं १/४. पानांमधलं आभाळ १/६०. बुडापासून आभाळापर्यंत १० स्टॉप. ढगाळ असल्यामुळे कवडसा एकही नव्हता, त्यामुळेच एवढ्यात भागलं. आख्ख्या चौकटीवर कॅमेऱ्याला विचारलं तर तो म्हणाला ४ सेकंद.

मी १ सेकंद ठेवला. काळा दगड करड्याच्या ४ स्टॉप खाली गेला, शेंदूर १ खाली, पानं २ वर. आभाळ वाचणार नव्हतंच, मग ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली आणून ते चौकटीतून जवळजवळ घालवलं. डाव्या कोपऱ्यात दोन ठिपके राहिलेत पांढरे. लालचा आलेख वेगळा बघितला, तो भिंतीच्या अलीकडे थांबला होता. विमा म्हणून अर्धा आणि २ सेकंदांचेही काढले. २ सेकंदांच्या फोटोत लाल आपटला, काकू, अगदी तुम्ही सांगितलंत तसा. पोलरायझर माझ्याकडे नाही.

एक घोळ केला. टायमर लावायचा विसरलो आणि पहिले चार फोटो बोटाच्या धक्क्याने हलले. घरी येऊन मोठे करून बघेपर्यंत कळलं नाही. सहावा बरा आला.

घरी रॉवर फार काही केलं नाही. सावल्या थोड्या उचलल्या, एक स्टॉपच्या आसपास, हिरवा अर्धाच काढला. प्रचि ४ टाकतोय. फोनवर बघणाऱ्यांनी ब्राइटनेस वाढवून बघू नये ही विनंती.

क्योतोतलीकाकू | १६ जून, रात्री ९:४०

बोटांचे ओढ दिसले! तीन बोटं, वरून खाली.

जुनाफिल्मवाला | १६ जून, रात्री ९:५२

उजवीकडचं खोड मी असतो तर आणखी अर्धा स्टॉप खाली ठेवलं असतं. बाकी बोलायला जागा ठेवली नाहीत. घंटा आधी दिसल्याच नाहीत, मग एक दिसली, मग सगळ्या दिसल्या.

अर्धाकप | १६ जून, रात्री १०:०५

मला खरंच काळा दिसतोय हो. लॅपटॉप बदलायची वेळ आली बहुतेक.

खारूताई | १६ जून, रात्री १०:११

गुरवबाबांना दाखवला का?

घाटवाट | २९ जून, रात्री ८:३०

आज देऊन आलो. स्क्रीनवर न दाखवता बारा बाय अठराची प्रिंट काढून नेली. स्टुडिओवाल्याने पहिली प्रिंट आपल्या मनाने उजळ करून दिली होती, "साहेब, फार डार्क होता, सुधारलाय" म्हणून. परत करायला लावली.

गुरवबाबा ओटीवर होते. चष्मा पुसून आले. प्रिंट दाराच्या उजेडात धरली, मग आत सरकून जरा सावलीत धरली. देवीकडे बघितलंच नाही त्यांनी. खाली डावीकडे, मुळाच्या बेचक्यात जिथे मला नुसता काळोख दिसत होता तिथे बोट ठेवलं. "ह्यो राखणदार. ह्येचा फोटू कुणी काडत न्हाई."

वाकून बघितलं तर मुळांच्या मधे वीतभर उभा दगड आहे. शेंदूर नाही, काही नाही. चार वेळा तिथे जाऊन, त्याच्यापासून हातभर अंतरावर ट्रायपॉडचा पाय रोवून, मी तो बघितला नव्हता. ट्रायपॉडचा पाय नेमका कुठे ठेवला होता ते आठवून अंगावर काटा आला. बाबा हसले, म्हणाले, त्याला चालतंय, तुमी बसून चा घेतला व्हता न्हवं.

प्रिंट त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावली. कॅलेंडरच्या खाली, खिडकीच्या समोर नाही.

मोबाईलधारी | २९ जून, रात्री ८:५५

ग्लॉसी काढली की मॅट?

घाटवाट | २९ जून, रात्री ९:००

मॅट. ग्लॉसीत काळ्यावर सगळा ट्यूबलाइट दिसतो.